अण्णांचे पाऊल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही काही वैद्य नाही. प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतले, एवढीच आमची विद्या. तेव्हा उपदेशाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु एक ऋण आहे, ते आपणांसमोर उच्चारल्यावाचून चैन पडणार नाही.

आमचे वडीलबंधू, ज्यांना आपण सारे अण्णा म्हणून ओळखता, त्यांची मधुमेहाची व्यथा जुनी. सन २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याला चप्पल लागली. पायाची संवेदना गेलेली, म्हणून जखम दुखली नाही. दुखली नाही म्हणून कोणी पाहिली नाही. महिन्याभरात पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जीव वाचला, पण घरी आल्यावर अण्णांनी भिंतीकडे तोंड केले. दिवाळीस पाहुणे आले, तेव्हा त्यांनी कमरेपर्यंत घोंगडी ओढून घेतली.

येथे आमचा अपराध सांगितला पाहिजे. आमची एक जुनी विद्यार्थिनी आज परिचारिका आहे. ती कळकळीने म्हणाली, “गुरुजी, अण्णांना मुंबईस हाजी अलीच्या सरकारी संस्थेत न्या.” आम्ही मान डोलावली आणि नेले मात्र नाही. सरकारी दवाखाना म्हणजे ज्याला कोणी नाही त्याची जागा. घरच्या कर्त्या पुरुषास तेथे नेले तर ज्ञातीत काय म्हणतील, हा विचार आडवा आला. असे अडीच महिने गेले. तेवढ्या काळात प्रेमापोटी आम्ही त्या अर्ध्या पायाखाली दिवसरात्र मऊ उशी ठेवीत होतो.

अखेर जानेवारीत पेणहून निघालो आणि दादरला भाचीकडे मुक्काम केला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, “खाली उशी ठेवता का?” गुडघा वाकलेल्या स्थितीत राहिला की आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही. आमची मायाच नडली होती. बाई रागावल्या नाहीत. गुडघा सरळ करण्याचा व्यायाम त्यांनी स्वतः करून दाखविला. एवढ्या सौम्यपणाने आम्ही जन्मात कोणा विद्यार्थ्याची चूक दाखविली नसेल!

त्याच दिवशी अण्णा चाचरत म्हणाले, “बाई, नसलेल्या पायाचा अंगठा मला रात्री खाजतो.” ही गोष्ट त्यांनी घरी कोणाला सांगितली नव्हती, आपणांस वेड लागले असेच त्यांना वाटत होते. बाई म्हणाल्या, असे पुष्कळांना होते. पाय गेला तरी मेंदूतील त्याची जागा जात नाही. अण्णा त्या रात्री शांत झोपले.

ही संस्था सन १९५५ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभारली. तेथे पाय नुसता दिला जात नाही, शिकविला जातो. प्रथम पट्टी बांधून खुंटाची सूज उतरवावयाची, मग प्लॅस्टरचा साचा घ्यावयाचा. शरीराचा भार खुंटाच्या टोकावर न येता गुडघ्याच्या वाटीखाली पेलला जावा, अशी त्याची घडण असते. मग दोन समांतर दांड्यांमध्ये उभे राहणे, आणि रोज आरशात खुंट पाहून कोठे लाल झाला आहे काय, ते तपासणे. अण्णांना पाऊल मिळाले ते जयपूरच्या पद्धतीचे. सन १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सरकारी रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी ते सिद्ध केले. त्यांतील शर्मा हे मूर्तिकार, शालेय शिक्षण बेताचेच. अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, मांडी घालता यावी, हे आपल्याकडील माणसाचे गाऱ्हाणे त्यांनी ओळखले. नुसत्या मॅट्रिकच्या दाखल्यावर हयात काढलेल्या आम्हांस हे ऐकून किती बरे वाटले, काय सांगावे!

बाहेरच्या बाकावर लोकलखाली पाय गेलेला एक तरुण असे आणि पोलिओची एक मुलगी असे. तिने अण्णांस दांड्या कशा धरावयाच्या, ते शिकविले. त्या बाकावर आमची ज्ञात कोणी विचारली नाही, आणि आम्हांसही ती सांगावीशी वाटली नाही. आमचा सारा खर्च पाहिला, तर जाण्यायेण्याचा भागच त्यात मोठा निघेल.

अखेरच्या दिवशी अण्णांनी पाय घडविणाऱ्या कारागिरास पेढ्यांचा पुडा दिला. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, आणि उरलेला पुडा अण्णांच्याच हाती देऊन म्हणाले, “चालत जा आणि बाकावर वाटून या.” अण्णा वाटून आले.

आज ते येथे तिसऱ्या ओळीत बसले आहेत. कार्यकर्त्यांना त्यांचा निरोप आहे : भोजनाच्या वेळी त्यांच्यासाठी खुर्ची आणू नये. ते पंगतीत बसणार आहेत.