आयते अन्न आणि अदृश्य जंतू

शिक्षक बंधुभगिनींनो,

पुण्यास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे गेल्यास खेड्यापाड्यांतून आलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या, काकड्या आणि कलिंगडे ह्यांचे ढीग दृष्टीस पडतात. ह्यांतील कोथिंबिरीचाच प्रवास पाहा. ती मातीतून निघते, तोडणाऱ्याच्या, भरणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या हातांतून जाते, टवटवी राहावी म्हणून तिच्यावर पाणी शिंपडले जाते, आणि शेवटी कोणाच्या भेळेवर किंवा शाळेतील खिचडीवर ती कच्चीच पडते. शिजणाऱ्या भाजीवरील बहुतेक जंतू अग्नी नष्ट करतो. परंतु कच्ची कोथिंबीर, कापून ठेवलेली फळे व चटणी ह्यांच्या वाट्यास तो अग्नी येत नाही. आयत्या अन्नाचा धोका येथेच आहे.

हा धोका पोटदुखीवरच थांबतो असे नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव व किरकटवाडी ह्या भागांत गुलियन बारे नावाच्या विकाराची साथ उद्भवली. ह्या विकारात हातापायांतील बळ जाते आणि काही रोग्यांस श्वास घेणेही कठीण होते. अनेक रोग्यांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. अर्धवट शिजलेले कोंबडीचे मांस, न तापविलेले दूध आणि दूषित पाणी ह्यांतून तो माणसाच्या पोटात जातो. त्याच्याशी झुंजण्यास उभी राहिलेली शरीराची संरक्षक शक्ती क्वचित आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. त्या साथीत संशय प्रामुख्याने पाण्यावर होता. ज्या पाण्याने भाजी धुवावयाची तेच दूषित असेल, तर धुणे म्हणजे रोगास आमंत्रणच होय.

मुलांस वाढण्यापूर्वी आपण पोषण आहाराची चव घेता व नोंदवहीत तशी नोंद करता. हा नियम योग्यच आहे; कच्चेपणा किंवा भलता वास त्यामुळे ध्यानात येतो. मात्र जिभेला जंतू कळत नाहीत. रोगकारक जंतू वाढलेल्या अन्नाची चव व वास पुष्कळदा जसेच्या तसे राहतात.

येथे वर्गात देण्यासारखे एक गणित आहे. अनुकूल उष्णतेत काही जंतू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून आरंभ केला, तर 7 तासांत किती? उत्तर 20 लाखांहून अधिक येते. सकाळी शिजवून दुपारपर्यंत कोमट राहिलेल्या भाताची गोष्ट मुलांस ह्या एका उदाहरणाने पटेल. शिवाय स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावरील पिकलेल्या जखमेतून अन्नात शिरणारे काही जंतू असे विष निर्माण करतात, की ते अन्न पुन्हा तापविल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून "गरम केले म्हणजे झाले" ही समजूत सोडून दिली पाहिजे.

तर मग आपण काय करावे? कोथिंबीर स्वच्छ, शुद्ध केलेल्या पाण्याने धुवावी आणि खिचडी उतरविण्यापूर्वीच तीत घालून चांगली उकळी येऊ द्यावी. मोड आलेली मटकी कच्ची देऊ नये, शिजवूनच द्यावी. कडधान्यास मोड आणणारी ऊब व ओलावा जंतूंसही मानवतो. फळे वाढण्याच्या वेळीच कापावीत. शिजलेले अन्न गरम असतानाच वाढावे. दोन तासांवर कोमट ठेवू नये. ज्याच्या हातास जखम आहे किंवा ज्यास जुलाब होत आहेत, त्यास त्या दिवशी स्वयंपाकास लावू नये. स्वयंपाकी, मुले आणि आपण स्वतः, सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

आणखी एक विनंती. चवीच्या नोंदीशेजारी अन्न शिजून उतरल्याची व वाढल्याची वेळही लिहीत जावे. चव जे सांगू शकत नाही, ते घड्याळ सांगेल. आपल्या सहीवर विश्वास ठेवून पालक आपली मुले आपल्या पंगतीस बसवितात. त्या सहीस ह्या दोन वेळांचा आधार असू द्यावा.