दुखत नाही तोवर



२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड रजतपटावरील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार यांचे याच शहरात, हृदयक्रिया बंद पडून, अवघ्या ४६ व्या वर्षी निधन झाले. नित्य व्यायाम करणारा हा माणूस! त्यानंतर जयदेव हृद्रोग संस्थेच्या दाराशी तपासणीसाठी रांगा लागल्या. २०२५ च्या जुलैत हासन जिल्ह्यातील मृत्यूंच्या बातम्या आल्या, तेव्हाही तेच दृश्य दिसले. भयापोटी लागलेली रांग भयाबरोबरच ओसरते, हा आम्हां डॉक्टर मंडळींचा अनुभव आहे.

आपल्याच मंडळातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांची हकीकत त्यांच्या अनुमतीने सांगतो. कारखान्यात नोकरीस होते तोवर त्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होत असे. निवृत्तीबरोबर तीही निवृत्त झाली! पुढे सात वर्षे रक्तदाब मोजलाच नाही, कारण काही दुखत नव्हते. एका गणेशोत्सवात मांडव उभारताना छातीत दडपल्यासारखे झाले, घाम फुटला. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा प्याले आणि आरती होईपर्यंत थांबले. त्यात तीन तास गेले. प्राण वाचले, परंतु हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग कायमचा निकामी झाला. आज त्यांना सभागृहाचा जिना चढवत नाही.

वाढलेला रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खरी लबाडी. मोजमाप वारंवार १४०/९० वा त्याहून अधिक आले, तर माणूस कितीही ठणठणीत दिसो, रक्तवाहिन्यांची झीज चालूच असते. साखर आणि कोलेस्टेरॉल यांचेही तसेच. ५२ देशांत झालेले ‘इंटरहार्ट’ संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याचा सुमारे नऊ-दशांश धोका धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरील ताण अशा नऊ कारणांशी निगडित असल्याचे त्यात आढळले. आपल्या दक्षिण आशियातील लोकांना हा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्यातून दिसले. म्हणून तपासणी तिशीपासूनच सुरू व्हावी. आणि एक इशारा: स्वस्थ बसून काढलेला ई.सी.जी. निर्दोष आला, म्हणजे हृदय निर्दोष ठरले असे नव्हे.

आहाराविषयी बोलताना आमचीच जीभ अडखळते. गावाहून आलेली लोणच्याची बरणी ही नुसती बरणी नसते, हे आम्ही जाणतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगितले आहे. पापड, लोणचे आणि शेवचिवडा यांतच त्यातला किती वाटा संपतो! फोड ताटात असावी, वाटी नसावी. चालण्याचे म्हणाल, तर लालबाग आणि कब्बन पार्क लाभलेल्या नगरीत सबब सांगणे अवघडच. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालावे.

गावी असतो तर शेजारच्या काकू ‘चेहरा उतरलाय रे तुझा’ म्हणाल्या असत्या. येथे व्हाइटफील्डच्या अकराव्या मजल्यावर ते कोण म्हणणार? म्हणून मंडळाच्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रक्तदाब मोजण्याची सोय कार्यकारिणीने केली आहे. नोंदवही तेच कार्यकर्ते सांभाळतील. पहिले नाव त्यांचे आहे. दुसऱ्या ओळीत गेल्या रविवारी आम्ही आमचे लिहिले: १४८/९२.