जुने वाडे आणि नवे शहर



जुन्या वास्तूंवर बोलायला कोणी उभा राहिला, की त्याने पेशवाईच्या वैभवाचे चार शब्द बोलावेत, आजच्या सिमेंटच्या खोक्यांना चार शिव्या द्याव्यात आणि खाली बसावे, अशी आपली अपेक्षा असते. माझा व्यवसाय इमारतींच्या दुरुस्तीचा आहे. त्यामुळे वैभवापेक्षा वाळवीशी माझा परिचय अधिक. मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की जुनी इमारत नुसती पाटी लावून टिकत नाही. तिला काही काम लागते आणि तिच्या छपराचा खर्च उचलणारा कोणी तरी लागतो.

आपल्याच गावातले दोन वाडे घ्या. शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत आतला सारा लाकडी डोलारा गेला. आज तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत. तेथे आपण राखतो ते अवशेष, आणि ते राखायलाच हवेत. विश्रामबागवाड्याची गोष्ट निराळी. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ साली पुरा केला. १८१८ त पेशवाई बुडाली आणि तीनच वर्षांनी चॅप्लिनसाहेबाने तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे डेक्कन कॉलेज निघाले ते त्याच मुळातून. १८७९ साली वाड्याला आग लागून मोठा भाग जळाला, तरी त्याला कोणी टाकला नाही. १९३० नंतर तेथे नगरपालिकेच्या कचेऱ्या होत्या. एखाद्या रसिकाला वाटेल, जेथे पेशव्याने आराम केला तेथे कारकुनांनी फायली बांधाव्यात, ही केवढी विटंबना! मला तसे वाटत नाही. कारकुनाच्या टेबलावर पाणी ठिबकले की तो ओरडतो, आणि कोणी ओरडले म्हणजेच फुटके कौल बदलले जाते. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे ते कोरीव खांब आज आपण पाहतो, त्याचे थोडे श्रेय मी अशा ओरडणाऱ्यांना देतो.

अर्थात कोणतेही काम कोणत्याही वाड्याला सोसेल असे नाही. कडीपाटाची जमीन माणसांच्या वावरासाठी केलेली असते. तिच्यावर दप्तराने भरलेल्या लोखंडी कपाटांची रांग उभी केली की तुळया वाकू लागतात. विजेच्या तारा नेण्यासाठी कोणी तुळईलाच खाच पाडतो. सर्वांत मोठा शत्रू मात्र सद्भावनेने येतो, आणि तो म्हणजे सिमेंटचा गिलावा. जुनी भिंत मातीची, विटांची, चुन्याची. तिच्यात पाणी शिरते तसे बाहेरही पडते. चुना तिला श्वास घेऊ देतो. वरून सिमेंटचा थर चढवला म्हणजे ओल आत कोंडते, आणि भिंतीत पुरलेला सागवानी खांब आतून भुसा होतो. बाहेरून भिंत नव्या नवरीसारखी दिसत असते. लोक म्हणतात, पूर्वीचे बांधकाम कच्चे होते. १९६१ साली पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले आणि मातीच्या भिंतींचे वाडे बसले, तेव्हापासून हा समज पक्का झाला. पण पुरात बसणे वेगळे आणि आपण हातांनी कुजवणे वेगळे.

काही वर्षांपूर्वी एका पेठेतल्या दोनचौकी वाड्यात मला बोलावणे आले. तेथे बारा बिऱ्हाडे होती. आतल्या चौकातला एक खांब तळखड्यापासून हातभर कुजला होता, कारण पूर्वी कोणी तरी त्याला खेटून न्हाणी बांधली होती. टेकू देऊन, कुजका भाग कापून, जुन्याच सागाचा तुकडा सांधणे एवढे ते काम. मी उत्साहाने मालकांना वाड्याचे महत्त्व सांगू लागलो. माडीवरच्या एक आजी जिन्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तुमचे कोरीवकाम खरेच सुंदर आहे हो. पण माझे गुडघे गेलेत, आणि संडास खाली परसात आहे. रात्री या काळोख्या जिन्याने तुम्ही एकदा उतरून पाहा.”

मी त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी उतरून पाहिला. आणि मग नकाशा बदलला. मागच्या परसात, वाड्याच्या लाकडी सांगाड्याला कोठेही न टेकणारा, स्वतःच्या पायावर उभा असा विटांचा एक अरुंद मनोरा काढला आणि माडीच्या पातळीवर संडास व न्हाणी त्यात नेली. ओल लाकडापासून दूर राहिली, आणि उद्या कोणाला तो मनोरा नको झाला तर वाड्याला न दुखावता काढता येईल. अशा सोयी न करता जे लोकांना म्हणतात, “वाडा राखा,” ते स्वतः बहुधा फ्लॅटमध्ये राहतात. मीही राहतो.

खरा प्रश्न विचारला तो मालकांनी. “वाडा राहिला तर शोभा गावाची. मग खर्च एकट्या माझा का?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या कायद्याने हजारो कुटुंबांना आसरा दिला, हे विसरून चालणार नाही. पण वर्षाचे सारे भाडे एका शाकारणीलाही पुरेना. १९९९ च्या नव्या कायद्याने दर वर्षी शेकडा चार वाढ दिली, तीही त्या मूळच्या नाममात्र भाड्यावर. मग मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू खोली सोडत नाही, आणि दोघेही पावसाळ्याकडे पाहत बसतात.

मुंबईने १९९५ साली वारसा-वास्तूंचे नियम केले, देशात पहिल्यांदा. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या. ज्या मालकाला यामुळे मजले चढवता येत नाहीत, त्याने तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकावा, अशीही सोय त्यात आहे. तत्त्व योग्य आहे: गावाने शोभा मागितली तर गावाने किंमत मोजावी. पण हक्क विकून आलेला पैसा त्याच छपरावर खर्च झाला की नाही, हे पाहणारा कोणी हवा. नुसत्या यादीने काय होते ते काळा घोड्याजवळच्या वॉटसनच्या जुन्या हॉटेलात दिसते. बिडाचा सांगाडा विलायतेत ओतून, जहाजाने आणून १८६० नंतरच्या दशकात उभारलेली ती इमारत. पुढे तिच्यात खोल्याखोल्यांतून कचेऱ्या आणि बिऱ्हाडे भरली. यादीत नाव असूनही २००५ साली तिचा काही भाग कोसळला. उलट भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा. ते १८७२ चे. महापालिकेची मालकी, एका खाजगी प्रतिष्ठानचा पैसा आणि जाणत्यांची देखरेख असे तिघांचे हात लागले, आणि २००८ पर्यंत ते पुन्हा उभे राहिले. तेथे भाडेकरू नव्हते, हेही खरे. आमच्या पेठांत ते असतात, आणि त्यांना बाहेर काढून राखलेला वाडा मला तरी नको आहे.

त्या दोनचौकी वाड्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. खांब सांधला आहे. मनोऱ्याचा खर्च मालक आणि बारा बिऱ्हाडांनी वाटून घेतला. निम्मा निम्मा, आणि वाटणीवर चार महिने भांडण झाले. बिल्डरचा माणूस अजून दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतो. मालकांनी त्याला होही म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. यंदा रोहिणी लागण्यापूर्वी कौले परतून घ्यायची आहेत, आणि त्याची वर्गणी मागायला ते परवा आजींच्या माडीवर गेले होते.