जपानमधील नऊ दिवस आणि आपला उंबरठा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



आम्ही दोघी २०१९ च्या जानेवारीत जपानला जाऊन आलो, तेव्हा विद्यापीठात शिकत होतो. जपान सरकारने २००७ साली ‘जेनेसिस’ नावाची योजना सुरू केली. आशियातील व आसपासच्या देशांतील तरुणांना थोड्या दिवसांसाठी बोलावून घ्यावे, आपला देश दाखवावा आणि परत पाठवावे, असा तिचा साधा हिशेब. विमानाचा व राहण्याचा खर्च यजमानांचा. दिल्लीपर्यंतचे भाडे आणि गरम कपडे यांचा भार मात्र या ट्रस्टने उचलला, म्हणून त्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

परत आल्यावर बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, “नऊ दिवसांत काय पाहिलेत?” प्रश्नात थोडा टोमणा होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. टोकियोतील दोन दिवस व्याख्यानांत व बसच्या खिडकीत गेले. त्यांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. उंच इमारती आता आपल्या अलकापुरीतही आहेत.

हिरोशिमाविषयी मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता तेथे बाँब पडला आणि त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली, हे आपण शाळेत वाचलेले असते. आम्ही गेलो तेव्हा स्मारक संग्रहालयाची मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद होती. पूर्वेकडचा भागच पाहता आला. तो पाहून बाहेर आलो तर रस्त्यावरून ट्राम जात होती. दुभाषीबाईंनी सांगितले की बाँब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, मार्गाच्या एका तुकड्यावर ट्राम पुन्हा चालू झाली होती. संग्रहालयात आम्ही गप्प होतो. ही गोष्ट ऐकल्यावर अधिकच गप्प झालो.

यापुढचे दोन दिवस व दोन रात्री आम्ही त्याच प्रांतातील डोंगराळ भागात, एका खेड्यातील घरी काढल्या. आमच्या नऊ दिवसांचा सगळा ऐवज त्या घरात आहे.

घरात एक सत्तरी ओलांडलेल्या बाई व त्यांचे यजमान. मुले ओसाकाला नोकरीस. आम्ही त्यांना ‘ओकासान’, म्हणजे आई, म्हणावे असे त्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकले. भाषेचा सगळा व्यवहार मोबाइलमधील भाषांतरावर व हातवाऱ्यांवर. जोडे दारात काढायचे, घरात सपाता घालायच्या, शौचालयासाठी वेगळ्या सपाता, आणि त्या चुकूनही बाहेर आणायच्या नाहीत! आमच्यातल्या एकीची आजी हे ऐकून म्हणाली, “मग त्यांचे आणि आपले सोवळे एकच की.” स्नानाचेही तसेच. बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कढत पाण्याच्या टाकीत उतरायचे, कारण त्याच पाण्यात मागाहून घरातली सगळी माणसे उतरायची असतात. पाहुण्या म्हणून पहिला मान आमचा.

खरी कसोटी स्वयंपाकघरात होती. आम्ही दोघी शाकाहारी. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नाही तेथेही असतो. साध्या सुपाच्या पाण्यातही वाळलेल्या माशाचा अर्क असतो. ओकासानांनी आमचा नियम एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटविला. त्यांच्या सासूबाई श्राद्धाच्या दिवसांत बौद्ध मठांच्या पद्धतीचा निरामिष स्वयंपाक करीत, हे त्यांना आठवले, आणि समुद्रातल्या कोंबू नावाच्या वनस्पतीचे पाणी काढून त्यांनी दोन्ही दिवस त्यावरच सारे रांधले. हे जेवण आपल्या घरात कितीतरी वर्षांनी झाले, असे त्यांचे यजमान म्हणाले. परक्या मुलींच्या पथ्यामुळे त्या घरातली एक जुनी चव परत आली, याचे आम्हांस अजून नवल वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाती एक फळी दिसली. चिमट्यात अडकविलेली सूचनापत्रे आणि खाली घरांची यादी. याला तेथे ‘काइरानबान’ म्हणतात. शेजारमंडळाची सूचना वाचावी, आपल्या नावापुढे शिक्का मारावा आणि फळी पुढच्या घरी नेऊन द्यावी. आपल्या ट्रस्टचा शिपाई पूर्वी सूचनावही घेऊन दांडिया बाजारातून सह्या घेत फिरे, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. जवळजवळ तीच गोष्ट. हल्ली आपल्या सूचना मोबाइलवर येतात आणि न वाचताच पुढे सरकतात.

त्या फळीवरच्या यादीत काही नावांवर रेघ मारलेली होती. ती घरे ओस पडली आहेत, असे समजले. फळी नेताना ओकासान एका बंद दारापाशी क्षणभर थांबल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

हे शेजारमंडळ नुसते सूचना फिरविण्यापुरते नसते. वर्गणी, सफाई, उत्सव, आपत्तीच्या वेळची मदत, सगळे त्याच्याकडे. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात अवाजी बेटावरील होकुदान गावी, कोण कोणत्या खोलीत निजतो हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे ढिगाऱ्याखालची माणसे त्याच दिवशी शोधून काढता आली. आमच्या यजमानांनाही हे नवे नव्हते. आदल्याच वर्षी, २०१८ च्या जुलैत, पश्चिम जपानात अतिवृष्टीने दोनशेंहून अधिक माणसे दगावली होती आणि सर्वाधिक हानी हिरोशिमा प्रांताची झाली होती. डोंगराची ओरखडलेली बाजू खिडकीतून दिसत होती.

आमचे सुदैव असे की ते संक्रांतीचे दिवस होते. जानेवारीच्या मध्याला तिकडे ‘तोंडो’ नावाचा सण असतो. बांबूंचा उंच मनोरा रचून त्यात नववर्षाची तोरणे जाळतात आणि निखाऱ्यांवर तांदळाच्या वड्या भाजतात. आपली होळीच म्हणा. मनोरा उभा करावयास दोर ओढावा लागतो. जमलेली बहुतेक माणसे साठीच्या पुढची, म्हणून दोराला आम्हांलाही लावले. पूर्वीच्या मानाने मनोरा निम्मा असतो, असे एक गृहस्थ सांगत होते. तो पेटल्यावर आम्ही घरून नेलेला तिळगूळ सर्वांना वाटला आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे चार शब्द शिकविले. तिळाची चव त्यांच्या चांगल्याच परिचयाची. गुळाची गंमत वाटली.

त्या रात्री ओकासानांनी विचारले, “तुम्ही गुजरातेत राहता, मग तुमची भाषा वेगळी कशी?” गायकवाडांपासून सांगावे लागले: अठराव्या शतकात आमचे पूर्वज आले, नोकरीस राहिले आणि येथलेच झाले. इतक्या पिढ्या घरात भाषा टिकली याचा त्यांना अचंबा वाटला. मग त्यांनी विचारले, “आणि आता ती कोण सांभाळते?” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. उत्तर म्हणून या ट्रस्टचे नाव सांगितले. गणेशोत्सव, वाचनालय, विद्यार्थी-साहाय्य यांची माहिती दिली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, “म्हणजे तुमचेही शेजारमंडळ आहे. मी वडोदऱ्यास आले तर कोणाच्या घरी उतरू?”

मंडळी, आज बोलावयास उभे राहण्याचे कारण हा प्रश्न आहे.

विचार परदेशातून येथे आणावयास नेहमीच वर्षे लागतात असे नाही. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती तोकियोच्या महिला विद्यापीठाची नुसती पुस्तिका पडली, आणि १९१६ साली आपल्याकडे महिला विद्यापीठ निघाले. आपल्या सयाजीराव महाराजांनी स्वतः १९१० साली जपान पाहिला, आणि १९१३ साली बडोदे संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन डॉ. आंबेडकरांना अमेरिकेस पाठविले. पाठविण्याची परंपरा या शहराला आहे, आणि ट्रस्टने तिकिटाला मदत करणे त्याच परंपरेत बसते. पण देवघेव म्हटली की दोन बाजू आल्या. आमच्यासाठी एका अनोळखी बाईने स्वयंपाकघर बदलले. आपण कोणासाठी बदलले?

त्यासाठी जपानहून कोणी येण्याची वाट पाहावयास नको. महाराजांच्याच नावाच्या आपल्या विद्यापीठात आफ्रिकेतून, नेपाळमधून, बांगलादेशातून विद्यार्थी येतात. तीन-चार वर्षे वसतिगृहात राहतात, पदवी घेतात आणि परत जातात. आमच्या वर्गातील एक आफ्रिकन मुलगी शेवटच्या वर्षी म्हणाली होती की तिने या शहरातील दुकाने, कचेऱ्या, देवळे पाहिली. घर एकही पाहिले नाही. म्हणून आमची सूचना अशी: दिवाळीच्या व संक्रांतीच्या सुमारास, एका घरी दोघे याप्रमाणे, ट्रस्टच्या सभासदांनी अशा विद्यार्थ्यांना दोन रात्री आपल्या घरी ठेवावे. पैशाचा व्यवहार नको. काय खातो, काय खात नाही, हे दोन्ही बाजूंनी आधी कागदावर लिहून घ्यावे.

यावर काही आक्षेप आमच्या कानी आले आहेत. जागा लहान आहेत, हे खरे. ओकासानांनी आम्हांस बैठकीच्या खोलीतच गाद्या घालून दिल्या होत्या आणि सकाळी त्या कपाटात जात. आमच्या स्वयंपाकघरात मांसमच्छर चालणार नाही, असे काहींनी म्हटले. चालवू नये, पाहुण्याला आधी सांगितले की तोही समजून घेतो, जसे तिकडे आम्हांला समजून घेतले. परक्या माणसाला घरात घेण्याची भीती वाटते, हा आक्षेप मात्र आम्ही थट्टेवारी नेत नाही. त्यासाठी कार्यवाहांनी विद्यापीठामार्फतच नावे घ्यावीत आणि पहिल्या खेपेस मुलींच्या घरी मुलीच पाठवाव्यात.

ओकासानांचे नववर्षाचे पत्र दर वर्षी येते. यंदाच्या पत्रात फळीवरच्या यादीत आणखी एका नावावर रेघ पडल्याचे लिहिले आहे, आणि तिळगूळ कसा करतात ते विचारले आहे. कृती आम्ही पाठविली आहे.

सभेनंतर बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तीत पहिली दोन नावे आमच्या घरांची आहेत. तिसरे नाव दांडिया बाजारातील एका आजींनी आज सकाळीच घातले. पाहुण्याने रात्री दहानंतर दिवा मालवला पाहिजे, एवढी अट त्यांनी नावापुढे लिहिली आहे.