गोष्ट कोण सांगतंय?
शिक्षक मित्रहो, कथेत ‘मी’ दिसला की मुलं ‘प्रथमपुरुषी निवेदन’ असं लिहून मोकळी होतात. पण तो ‘मी’ एखाद्या पात्राच्या संवादातलाही असू शकतो. म्हणून आधी संवाद झाकायला सांगा आणि उरलेल्या मजकुरात ‘मी’ शोधू द्या. नसेल, तर विचारा: निवेदकाला कुणाकुणाच्या मनातलं कळतं? एकाच्या की सगळ्यांच्या?

निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे मात्र सावकाश शिकवावं. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. लिहिणारे आपटे, सांगणारी नायिका यमू! त्यातला एखादा प्रसंग यमूच्या सासरच्या शंकरमामंजींच्या तोंडून लिहायला लावा. यमूचं दुःख तिथे किती उरतं, हे मुलांनाच शोधू द्या.