बाळाची खोली : जुन्यातून नवे, पण जपून



घरी बाळ येणार म्हटले की माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, आजीच्या लुगड्यांची गोधडी शिवली जाते आणि जुन्या पेटीत इवलीशी झबली विसावतात. ही केवळ काटकसर नव्हे, हा मायेचा वारसा आहे. त्यास दक्षतेची जोड मात्र हवी.

आजोबांच्या वेळचा पाळणा मी हौसेने पॉलिशपेपरने घासू लागलो, तेव्हा शेजारच्या वृद्ध सुताराने मला थांबविले. "दात येताना मूल कठडाच चघळते. हा रंग कसला, ठाऊक आहे का?"

जुन्या तैलरंगांत बहुधा शिसे असे. त्याने बालकाच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे शिशाचे प्रमाण ९० भागांपर्यंतच असावे, हे बंधन आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचा रंग घरात कोरडा घासू नये, कारण त्याची धूळही घातक असते. शंका असल्यास ते लाकूड बाळासाठी वापरूच नये.

कठड्याच्या गजांमधील अंतर ६ सेंटिमीटरांहून अधिक नसावे. गादी घट्ट व नेमक्या मापाची असावी, उशी नको. गोधडी खेळण्यासाठी जमिनीवर अंथरावी. कपाट भिंतीस पक्के करावे.

आमचा पाळणा पुन्हा माळ्यावर गेला. बाळ त्याच सुताराने घडविलेल्या, रंग न दिलेल्या साध्या पाळण्यात निजले. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट अंगणवाडीत, ग्रामसभेत अवश्य सांगावी, ही विनंती.