झाडीपट्टीत दान्तेचे स्वागत

व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावच्या लेखक-कवींनो, दंडारीच्या कलावंतांनो आणि सावलीकर बंधुभगिनींनो,

१९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक याच गावी भरली, तेव्हा गांधीजी इथे आले होते. गांधीवाद असे काही नाही, आपल्या मागे पंथ राहू नये, हे त्यांनी सावलीतच सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाची ती नम्रता ज्या गावाने ऐकली, तिथे मला आज इटलीच्या दान्ते या कवीबद्दल बोलावेसे वाटते.

ज्या १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच साली फ्लॉरेन्समध्ये दान्तेच्या काव्याची प्रेरणा असलेली बिआत्रिचे वारली. ज्ञानेश्वर माउलींचे कुटुंब वाळीत पडले होते. दान्तेला १३०२ साली हद्दपार केले. तो गावी परतलाच नाही, १३२१ साली राव्हेन्नात वारला. माउलींनी संस्कृत आणि त्याने लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत परमार्थ सांगितला. त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची एक जुनी हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जपलेली आहे.

चर्चा होते ती या काव्यातल्या नरकाची. मला त्यातला, मेलेल्यांची पापे धुणारा शुद्धीचा डोंगर अधिक मोलाचा वाटतो. तिथे पहिल्याच टप्प्यावर गर्विष्ठ माणसे पाठीवर धोंडे घेऊन चालतात. त्यांत पोथ्या रंगवणारा ओदेरिसी आहे. कीर्ती किती लवकर दुसऱ्याकडे जाते, हे तो सांगतो: चित्रकलेत काल चिमाबुएचे नाव होते, आज जोत्तोचे. काव्यात स्वतःच प्रवासी असलेला दान्ते हे ताठ उभा राहून ऐकत नाही. तोही कमरेत वाकतो आणि ओदेरिसीच्या बरोबरीने चालू लागतो, जुवाखालच्या बैलांसारखा. ही उपमा त्याची स्वतःची. मेल्यावर हेच ओझे आपल्याला वाहावे लागेल, ही धास्तीही तो पुढे बोलून दाखवतो. धर्मावर पुष्कळांनी लिहिले, पण शिकवणाऱ्याने ओझेवाल्याच्या उंचीला येऊन त्याच्यासोबत चालावे, हे इतके स्पष्ट मी थोड्या ठिकाणी वाचले. रोवण्याच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या आयाबहिणींची आपण लेकरे; आपल्याला हे समजायला टीकाग्रंथ लागत नाही.

म्हणून या मंडपात कुणीही झाडीबोलीत बोलायला संकोचू नये. प्रमाण मराठी येत नाही म्हणून एखादी आजी मागच्या रांगेत गप्प बसली, तर ती उणीव आम्हा आयोजकांची असेल. तिला पुढे बोलवा, माईक तिच्या हाती द्या.

रात्री दंडार आहे, सर्वांनी थांबावे. आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, ही विनंती.